फुकटचा जाळ

मराठी भाषेतला सर्वांत महाग शब्द कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी 'फुकट' असं उत्तर देईन. बँकेच्या काउंटरमागे बसून हा शब्द जितका जवळून दिसतो तितका तो शब्दकोशात दिसत नाही. केवायसीचे कागद आणून द्या म्हणून ज्या खातेदारांना आम्ही वर्षभर निरोप धाडतो, तेच डिसेंबरअखेर फुकटचं कॅलेंडर न्यायला बिनबोलावता येतात. रिक्षाला साठ रुपये मोजून येतात, आणि वर एक कॅलेंडर मेहुण्यासाठी मागून घेतात. रिक्षाचे साठ रुपये कुठल्याच हिशेबात धरले जात नाहीत. कॅलेंडर फुकट मिळालं, एवढीच नोंद होते.

पण कॅलेंडरामुळे कुणाच्या डोळ्यांतून पाणी येत नाही. आज मला ज्या फुकटाशी भांडायचं आहे, त्याच्यामुळे येतं. ते म्हणजे आपल्या चुलीत आणि बंबात जाणारं सरपण. चूल कशी सुधारावी, कमी लाकडात जास्त ऊब कशी मिळवावी, यावर शास्त्रज्ञांनी गेली अडीचशे-तीनशे वर्षं डोकं चालवलं आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण सरपण फुकट आहे असं आपण धरून चालतो तोवर जगातला कोणताही शास्त्रज्ञ आपली चूल सुधारू शकणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, त्यामुळे उष्णतेबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही असं काही जण म्हणतात. त्यांना एवढंच सांगतो, की चुलीत जे बिघडलं आहे ते भौतिकशास्त्र नसून जमाखर्च आहे, आणि जमाखर्च हा माझाच प्रांत आहे.

उदाहरणादाखल बंब घेऊ. आगीवर पाणी तापवणाऱ्यालाही आपण बंब म्हणतो आणि पाणी मारून आग विझवणाऱ्यालाही बंबच म्हणतो, यावरूनच या वस्तूबद्दल आपला किती गोंधळ आहे ते कळावं. न्हाणीघराचा बंब ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याचं एक उभं, पोटदार भांडं. मधोमध खालपासून वरपर्यंत एक रुंद नळी. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. नळीत जाळ आणि नळीभोवती पाणी. गार पाण्याचा तांब्या नरसाळ्यातून ओतला की ते पाणी तळाशी जातं आणि तेवढंच कढत पाणी वरच्या तोटीतून बाहेर येतं. आत घातल्याशिवाय काही बाहेर निघत नाही. डेबिट-क्रेडिटचं तत्त्व इतक्या शुद्ध स्वरूपात मला बी.कॉम.च्या तीन वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं.

शहरातला बंब आता दिवाणखान्यात गेला आहे. त्याला चिंच लावून घासतात, त्यात मनीप्लांट लावतात, आणि पाहुण्यांना "अँटिक आहे" असं सांगतात. पण कोल्हापूर-सांगलीकडे, कोकणात, परसदारी आणि पडवीत, तो अजून नोकरीवर आहे. माझ्या आत्याकडेही आहे. तिच्या स्वयंपाकघरात गॅस येऊन बरीच वर्षं झाली. पोळ्या गॅसवर, चहा गॅसवर. आंघोळीचं पाणी मात्र बंबात. आणि हे एकट्या आत्याचं नाही, तिच्या गल्लीतल्या निम्म्याअधिक घरांचं आहे. ज्यांच्याकडे बंब नाही त्यांच्याकडे तीन दगड आणि वर काळाकुट्ट हंडा.

असं का, याचं उत्तर साध्या गणितात आहे. पंधरा लिटरची एक बादली पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यायला साधारण १५७० किलोज्यूल उष्णता लागते. घरात पाच माणसं म्हणजे पाच बादल्या. एवढं पाणी रोज गॅसवर तापवलं तर १४.२ किलोचं सिलिंडर निव्वळ आंघोळीपायी पन्नासेक दिवसांत संपेल. हे गणित आत्याने न शिकताच केलेलं आहे. म्हणून गॅस जेवणाला, आणि सरपण आंघोळीला.

आता याच गणिताची दुसरी बाजू. एक किलो वाळलेल्या लाकडात ढोबळमानाने १६ हजार किलोज्यूल उष्णता असते. म्हणजे लाकडातली सगळी ऊब पाण्यात उतरली, तर एका बादलीला लाकूड लागेल फक्त शंभर ग्रॅम. पाच बादल्यांना अर्धा किलो. मी आत्याकडे गेलो असताना रद्दी मोजायचा ताणकाटा सोबत नेला आणि सकाळचं सरपण तोलून बंबात घातलं. पाच आंघोळींना चार किलो लागलं. म्हणजे कार्यक्षमता साडेबारा टक्के. शंभर रुपये बँकेत ठेवायचे आणि काढायला गेल्यावर साडेबारा हातात पडायचे! अशी बँक असती तर तिच्या दारात लोकांनी खरोखरचा, तो दुसरा बंब बोलवायची वेळ आणली असती.

ही वजाबाकी मी आतोबांना दाखवली. ते ओट्यावर पेपर वाचत होते.

"काय रे बँकवाल्या," ते म्हणाले, "सुट्टीतसुद्धा हिशेब? अरे, चार किलो लागू दे नाहीतर चौदा. सरपण काय विकत आणतोय? फुकटचं आहे."

झालं! तोच शब्द. आणि आत पाहिलं तर आत्या पदराने डोळे पुसत नळीत फुंकणीने फुंकर घालत होती.

आता उरलेले साडेसत्त्याऐंशी टक्के जातात कुठे, ते बघू. कारण हा पैसा नाही, की कुणी खाल्ला म्हणून हात झटकावेत. उष्णता चोख हिशेब देते.

पहिली उचल ओलाव्याची. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असतं. असं लाकूड आपण जाळतो तेव्हा आधी त्याच्यातलं पाणी तापतं, उकळतं आणि वाफ होऊन आभाळात जातं. घरातली पहिली आंघोळ लाकडाची होते, माणसांचा नंबर नंतर. तेच लाकूड फोडून, आडोशाला, वारा खेळेल असं रचून काही महिने ठेवलं तर ओलावा पंधरा-वीस टक्क्यांवर येतो. याला शास्त्रज्ञ लागत नाही, सवड लागते.

दुसरी उचल धुराची. धूर म्हणजे जळून उरलेलं काहीतरी, अशी आपली समजूत आहे. ती चूक आहे. लाकडाचा मोठा भाग तापल्यावर आधी वायू होतो, आणि तो वायू पेटला की त्याला आपण ज्वाळा म्हणतो. पुरेशी हवा आणि पुरेशी धग मिळाली नाही तर तोच वायू न पेटता निघून जातो, त्याला आपण धूर म्हणतो. म्हणजे धूर हे न जळालेलं सरपण आहे. आत्याच्या डोळ्यांत जातं ते सरपणच आहे, डोक्यावरून वाहून आणलेलं.

तिसरी उचल राखेची. जाळी राखेने बुजली की खालून हवा येत नाही, मग फुंकणी घ्यावी लागते. बंब घडवणाऱ्या तांबटाने जाळी दिली ती हवेसाठी. आपण तिला राख साठवायचं कपाट केलं. रोज सकाळी जाळी मोकळी केली तर फुंकणीचं निम्मं काम संपतं. उलट हवा फार झाली तरी ती ऊब घेऊन वरच्या वर पळते. म्हणून सरपण मनगटाएवढं जाड नको, बारीक फोडलेलं हवं, आणि नळी गच्च कोंबायची नाही, थोडंथोडं घालत जायचं.

चौथी उचल काजळीची आणि क्षारांची. नळीला आतून धरलेली जाड काजळी आणि पाण्याच्या बाजूने बसलेला क्षारांचा पांढरा थर, म्हणजे आग आणि पाणी यांच्यामध्ये घातलेली दुहेरी गोधडी. आपण बंब चिंचेने घासतो तो बाहेरून, पाहुण्यांना दिसतो त्या बाजूने. पाण्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

पाचवी उचल मात्र माणसांची आहे. आत्याकडे पहिली आंघोळ साडेपाचला, शेवटची साडेनवाला. धाकटा चिरंजीव रात्री उशिरा झोपतो म्हणून उशिरा उठतो, आणि त्याच्या एका बादलीसाठी बंब चार तास जागता ठेवावा लागतो. उघड्या पडवीत तांब्याचं अंग चार तास वाऱ्याला ऊब वाटत उभं. मी टोकन पद्धत सुचवली. सहा ते सातमध्ये ओळीने पाच नंबर, नंबर चुकला तर गार पाणी. धाकट्याने मला "तुम्ही बँकेतून लवकर रिटायर व्हा काका" असा आशीर्वाद दिला. पण टोकन सुरू झालं.

या पाच गोष्टींत नवीन वस्तू एकही नाही. कोरडं, फोडलेलं लाकूड, मोकळी जाळी, खरवडलेली नळी आणि ओळीने आंघोळी. पुढच्या खेपेला ताणकाट्यावर पाच बादल्यांना अडीच किलो भरलं. कार्यक्षमता वीस टक्के. दिवसाला दीड किलो वाचलं, म्हणजे वर्षाला साडेपाचशे किलो. डोक्यावरची मोळी वीस किलोची धरली तर सत्तावीस मोळ्या. आतोबांना हा आकडा सांगितला तर ते म्हणाले, "बरं झालं." त्यांना बरं वाटायचं काही कारण नव्हतं. त्यांनी आयुष्यात एकही मोळी आणलेली नाही.

माझं भांडण इथेच आहे. चूल कुठे सुधारली, याचा इतिहास चाळून पाहा. जिथे सरपणाला किंमत आली तिथेच ती सुधारली. बेंजामिन फ्रँकलिन आपल्याला पतंग आणि विजेमुळे माहीत असतो. या गृहस्थाने खोली तापवण्यासाठी लोखंडी शेगडी तयार केली आणि १७४४ मध्ये तिच्यावर एक पुस्तिकाच छापली. त्यात त्याची तक्रार अशी, की एके काळी दारात मिळणारं लाकूड आता काही गावांना शंभर-शंभर मैलांवरून आणावं लागतं. त्याला पेटंट देऊ केलं होतं, ते त्याने नाकारलं. शेगडीची पहिली घडण काही फार चांगली नव्हती, पुढे इतरांनी तिच्यात दुरुस्त्या केल्या. पण सुरुवात झाली ती लाकूड महाग झालं म्हणून. स्वीडनमध्ये १७६७ साली कार्ल योहान क्रोन्स्टेड आणि फाबियान व्रेडे यांनी दरबाराच्या सांगण्यावरून फरशांची भट्टी सुधारली. धूर सरळ धुराड्यातून न सोडता विटांच्या वाटांतून वरखाली फिरवला, त्याची ऊब विटांना काढून घ्यायला लावली, आणि मगच त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. कारण तेच, लाकडाचा तुटवडा. थंडीने कुडकुडणारे लोक हुशार असतात म्हणून हे झालं नाही. तिथे सरपणाचं बिल घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर फाटत होतं.

आपल्याकडे ते आत्याच्या नावावर फाटतं, म्हणून कुणाला दिसत नाही.

सरकारने काही केलं नाही असं नाही. १९८३-८४ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००२ मध्ये केंद्राने तो राज्यांकडे सोपवला, तोवर देशभर तीन कोटींहून अधिक चुली वाटून झाल्या होत्या. पुढच्या पाहण्यांत त्यांतल्या कितीतरी मोडलेल्या किंवा वापराविना पडलेल्या आढळल्या. मला याचं नवल वाटत नाही. आमच्याकडेही कर्ज किती वाटलं याचं उद्दिष्ट असतं, आणि ते मार्चअखेर पूर्ण होतंच होतं. वसुलीचं नंतर बघू. चूल किती वाटल्या हे मोजलं, तिच्यात सरपण किती वाचलं हे मोजायला कुणी रोज सकाळी सहाला ताणकाटा घेऊन येणार नव्हतं. चुलींसाठी भारतीय मानकही आहे. २०१३ च्या सुधारणेनुसार साध्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के हवी. उत्तम. पण प्रयोगशाळेत चुलीला मिळतं कोरडं, मापात कापलेलं, तोललेलं लाकूड. घरी तिला मिळतो कालच्या पावसात भिजलेला बाभळीचा ओंडका. प्रयोगशाळेतली चूल म्हणजे सासरी जायच्या आधीची मुलगी.

मग १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना आली. आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दिली गेली. चांगलंच झालं. पण जोडणीची अनामत सरकारने भरली तरी पुढची सिलिंडरं विकत घ्यायची असतात. एका बाजूला विकतचा गॅस आणि दुसऱ्या बाजूला 'फुकटचं' सरपण अशी ही शर्यत आहे. शून्य भावाशी कोणता व्यापारी टिकेल? सोलरचंही तेच. उन्हाळ्या-हिवाळ्यात सोलर बंबाला सुट्टी देऊ शकतं, कोल्हापूरचा जुलै सोडला तर. पण सोलरची किंमत ऐकून आतोबा ती बंबाच्या खर्चाशी ताडून बघतात, आणि तो खर्च त्यांच्या वहीत शून्य आहे.

त्या शून्यात काय काय दडलंय ते एकदा तरी मांडलं पाहिजे. आत्या आणि थोरली सून बांधावरून मोळी आणतात ती मजुरी शून्य. फोडतात ती मजुरी शून्य. पहाटे फुंकर घालत बसतात तो वेळ शून्य. आणि फुप्फुसं? तीही फुकटच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या धुरापायी २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून अधिक मुलं होती. कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच गुजरातच्या खेड्यांत जाऊन चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं होतं. अमेरिकेतून माणूस येऊन मोजून गेला. ओट्यावर पेपर वाचणाऱ्याला आतल्या खोलीपर्यंत यायला अजून सवड झालेली नाही.

किंमत लावली की डोकं कसं चालतं, याचं उदाहरण आपल्या घरातही आहे. उसाचं पाचट शेतकरी शेतातच पेटवून देतात, कारण ते फुकटचं. पुण्याच्या 'आरती' संस्थेने त्याचा कोळसा करून दाखवला आणि त्यासाठी २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळवला. त्यांच्या 'सराई' कुकरमध्ये चार-पाच माणसांचा वरण-भात शंभर ग्रॅम कोळशावर होतो. शंभर ग्रॅम! ज्यांनी ग्रॅममध्ये मोजायला घेतलं त्यांना ते जमलं. 'घाल आणखी दोन लाकडं' असं म्हणणाऱ्याला कसं जमेल?

एक सूचना मात्र हसत नाही देत. धूर जाचतो म्हणून किंवा थंडी आहे म्हणून बंब बंद न्हाणीघरात नेऊन दार लावू नका. निखारे झालेल्या, धूर न दिसणाऱ्या जाळातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. बंब उघड्यावर, पाणी आत. आणि जुनी चप्पल, टायरचे तुकडे, दुधाच्या पिशव्या बंबात घालून 'कचराही गेला, पाणीही तापलं' असं म्हणणारे जे काटकसरी आहेत, त्यांनी तो विषारी धूर स्वतः पुढे बसून घ्यावा, सुनेला बसवू नये.

माझी मागणी साधी आहे. बंबाशेजारी एक ताणकाटा टांगा आणि शाळेची एक जुनी वही ठेवा. तीन रकाने पाडा. किती किलो सरपण, किती बादल्या पाणी, आणि कुणी आणलं. आत्याने वही सुरू केली आहे. माझे तीन रकाने तिने पाडलेच, आणि चौथा स्वतःच्या मनाने पाडला. त्यावर 'खोकला' असं लिहिलं आहे, आणि खाली रोजच्या रोज खुणा आहेत. सरपण चार किलोंवरून अडीचवर आल्यानंतर त्या खुणा विरळ झाल्यात. इतका चांगला लेजर मी बँकेतही पाहिलेला नाही.

तो पाहूनही आतोबांचं म्हणणं कायम आहे, की सरपण फुकटचंच. त्यांना आणि त्यांच्यासारख्या तमाम ओट्यावरच्या मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे, की आठ दिवस मोळी तुम्ही आणा. फोडा तुम्ही. पहाटे उठून जाळी तुम्ही मोकळी करा आणि फुंकणीही तुम्हीच धरा. नवव्या दिवशी सरपणाचा भाव काय ते मला सांगा. तुम्ही सांगाल तो आकडा मी बिनतक्रार लिहून घेईन. फक्त तो शून्य नसावा.